बेल वाजली तेव्हा मी सामायिकात होते

३ ऑगस्ट
आजपासून कोणाविषयीही मनात वैर ठेवायचं नाही. चेलना सोडून.

धाकटी जाऊ असली म्हणून काय झालं? गेल्या पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी घरी येऊन हात जोडायचे सोडून तिने मोबाईलवर फॉरवर्ड टाकला. वर्षभराच्या चुकांची माफी, आणि खाली हलणारं गुलाबाचं फूल! तेच फूल शिंपीणबाईलाही गेलं होतं, तिनेच मला दाखवलं.

आली होती म्हणे आधी. बेल दोनदा वाजली, खरं आहे. पहिल्यांदा मी सामायिकात होते, अठ्ठेचाळीस मिनिटं ध्यानाला बसलं की मधे उठता येत नाही. दुसऱ्यांदा ते संपलं होतं, म्हणून लगेच दुसरं घेतलं. धर्म म्हणजे धर्म.

७ ऑगस्ट
महिला मंडळात कथालेखनाचा वर्ग. मोफत, वर चहा. धुळ्याच्या ज्योत्स्ना मॅडम आल्या. कथेचे घटक समजावायला त्यांनी दोन जावांचा तो जुना सिनेमा लावला, आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असलेला. आज पात्रं झाली. थोरली सोशिक, धाकटी कपटी. मी चेलनाकडे बघून मान हलवली. तिनेही माझ्याकडे बघून हलवली. निर्लज्ज.

ठरलं. स्पर्धेत कथा द्यायची, सगळ्या मंडळाला ती ओळखू येईल अशी. मग बघते, रडत येते की नाही माझ्या दारात.

११ ऑगस्ट
आज इच्छा आणि अडथळा. नायिकेला काहीतरी हवं असतं, ते मिळू देत नाही तो खलनायक. सोपं आहे. थोरलीला हवंय की धाकटीने येऊन हात जोडावेत. धाकटी जोडत नाही. झाली कथा.

उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहायला घेतली. पत्रिका चेलनाच्याच लग्नाच्या.

१५ ऑगस्ट
यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "पण दार कोण उघडत नाही?" यांना दुकानापलीकडे काही कळत नाही.

बेलचा प्रसंग तसाच ठेवलाय. पर्युषण संपेपर्यंत खोटं न बोलण्याचा नियम आहे माझा. शिवाय मॅडमना कळस लागतो.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
स्पर्धेत कथा वाचली. दुसऱ्या सामायिकाला सगळा हॉल हसला. का, कोण जाणे.

मॅडमनी विचारलं, "सांगा, अडथळा कोण?" मी चेलनाकडे बोट करणार, तोच मंडळातली प्रियल ओरडली, "थोरली!" मॅडमही भरात प्रमाण मराठी विसरून अहिराणीवर आल्या, "बठ्ठा दोष मोठीनाच शे!" सगळा दोष म्हणे मोठीचाच!

चेलना धावत आली. मला वाटलं, आता पाय धरते. म्हणाली, "भाभी, काय खट बाई रंगवलीत हो! अशी खरंच असते का कुठे?"

बक्षीस मिळालं. उत्कृष्ट खलनायिका. डबा स्टीलचा आहे, झाकण नीट बसतं. घेतला.

२८ ऑगस्ट, क्षमापना
आज ती येणारच. सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत बसले आहे. बेल ऐकू यावी म्हणून पंखाही बंद. सामायिक संध्याकाळी करेन, एका दिवसाने काही बिघडत नाही.

बेल वाजली. धावले. दूधवाला.

दुपारी पुन्हा वाजली. शेजारच्यांकडे पाहुणे आले होते, घर चुकले.

चार वाजता मोबाईल वाजला. चेलना. तेच फूल. खाली लिहिलंय, "भाभी, दारापर्यंत आले होते. तुमचं सामायिक मोडायला नको, म्हणून बेल नाही वाजवली."