पायलट होण्याआधीचा सत्कार

१२ नोव्हें., बुधवार
परवाच्या नोंदीत 'आज विमान मी उतरवलं' असं लिहिलंय. ते बरोबर नाही. जमीन जवळ आल्यावर नाक उचलायला मला उशीर झाला आणि शेवटच्या क्षणी शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या सरांनी कंट्रोल ओढला. म्हणजे उतरवलं सरांनी, मी फक्त धरून होते. खोडत नाही, खाली बरोबर लिहिते. ही आत्याची शिस्त. आम्ही ऊसतोडीला जायचो तेव्हा कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिनंच मला लिहा-वाचायला शिकवलं, शाळा नंतर आली. तिचं दुसरं म्हणणं: झाल्याशिवाय झालं म्हणायचं न्हाई.
आज पाच वेळा उतरलो. पाचही वेळा विचारलं, "सर, तुम्ही हात लावला का?" शेवटी म्हणाले, "मॅडम, दोघंही जिवंत आहोत. चहा घ्या."

१४, शुक्र.
वारा आडवा, उड्डाण नाही. दिवसभर काळजी केली. हे काम मला कुठल्याही हवेत जमतं.
तहसील कचेरीतल्या नोकरीची रजा ३० ला संपते. पुढचं शिक्षण वर्षभराचं तरी. तेवढी रजा मिळणार नाही, साहेबांनी चांगुलपणानं पण स्पष्ट सांगितलंय. म्हणजे १ डिसेंबरला दाखल्यांच्या टेबलावर परत, नाहीतर राजीनामा. नऊ वर्षांची पर्मनंट नोकरी, आमच्या घरातली पहिली. माझं ठरलंय: एकटीनं विमान उडवून उतरवायचं, म्हणजे सोलो, आणि मगच राजीनामा. आधी नाही.
रूममेट ऋत्वी, वय एकोणीस, विचारत होती, "ताई, तू कशाला पायलट व्हायलीस?"
"आवडतं म्हणून." तेहतिसाव्या वर्षी हे उत्तर फार लहान वाटलं.
"बास की मग," म्हणाली आणि झोपली.

१७, सोम.
कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर शेख भाऊसाहेब असतात, त्यांचा फोन. "पायलटबाई, आता आमचे फोन कशाला घ्याल तुम्ही?" मला काही कळेना. मग त्यांनी फोटो पाठवला.
आमच्या गावच्या फाट्यावर फ्लेक्स. माझा ओळखपत्रावरचा फोटो, डोक्यावर कुणाची तरी टोपी डकवलेली, मागे भलंमोठं जेट. 'पायलट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली: रविवार ता. ३०, विहारात जाहीर सत्कार.
मी अजून सरांशिवाय विमान जागचं हलवलेलंही नाही.
भाऊसाहेब म्हणतात, "तुमच्या खुर्चीसाठी तिघं टपून हायेत. मी म्हणलं, थांबा बे, बाईला आधी उडू द्या."
जेवण गेलं नाही.

१८, मंगळ.
फ्लेक्सच्या कोपऱ्यात केजच्या दुकानाचा नंबर होता, तिथं फोन लावला. काढून टाका म्हटलं. दुकानदार म्हणाला, "ताई, ऑर्डर तुमच्या आत्याबाईची हाय. उभं राहून मजकूर सांगितला त्यांनी. 'होणार' लिहू का म्हणलं, तर माझ्यावरच डाफरल्या."
आत्या. माझी आत्या.

२०, गुरु.
दोन दिवस धीर होईना. आज आत्याला फोन केला.
"आत्या, कावून केलंस असं? तूच म्हणायचीस ना..."
"म्हणायचे. तवा तू सहा वर्षांची होतीस. आता सांग, आधी इमान, मग राजीनामा, असंच ठरवलंस ना?"
"हो."
"आन् तारखेपत्तूर न्हाई झालं तर?"
"बघते," मी म्हटलं.
"तर सोमवारी जाऊन दाखले वाटत बसशील. तू लई इमानदार हायस, पोरी. इमानदारीच्या आडून भेतीस."
लोक हसतील म्हटलं. "हसू दे. त्यांच्या तोंडावर तुला माघारी येता येऊ न्हाई, म्हणून तर टांगलाय."
सत्कारात माइकवर खरं सांगणार, म्हटलं.
"सांग की. शिकतीया म्हण. पण 'बघते' म्हणू नको. 'बघते' म्हणलीस की मीच उठून जाईन." मग, तिथं भाकर मिळती का, हे विचारून ठेवला फोन.

२३, रवि.
सुट्टी. मागची पानं चाळली. सगळीकडे माझ्याच चुका. बाकीच्यांचं काहीच लिहिलेलं नाही, ही मोठी राहिलेली गोष्ट.
अण्णांनी घरासाठी घेतलेला प्लॉट माझ्या फीसाठी विकला. मला मागावं लागलं नाही, तेही पुन्हा बोलले नाहीत. आई शेजारणींना सांगते, पोरगी शिकायला गेलीय, जसं काही मी दहावीतच आहे. ऋत्वी रोज कंट्रोल टॉवर होते आणि माझ्याकडून रेडिओवरचं बोलणं घोटून घेते, चुकले की "ताई, रिजेक्टेड" म्हणते. भाऊसाहेब माझ्या वाट्याच्या शिव्या खातात, आणि आत्या...
आत्याचं काय लिहावं कळत नाही. एवढं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल, तेही फाट्यावर, दहा फूट अक्षरांत.

२७, गुरु.
आजचं उतरणं बरं झालं. विचारलं, सर, सोलो कधी? "तारीख विचारणाऱ्याला मी तारीख देत नाही." उद्यापासून विमान देखभालीसाठी आत जातंय, चारेक दिवस तरी. म्हणजे तीसच्या आत सोलो नाही.
रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली.

२९, शनि. गावी.
दुपारी एसटीनं घरी. राजीनामा लिहिला. कारण: 'वैमानिक प्रशिक्षण घेत असल्याने'. 'घेत असल्याने' दोनदा वाचलं. खरं आहे.
अण्णांनी चष्मा लावून वाचला. "सही नीट कर," एवढंच म्हणाले.
आई म्हणाली, "उद्या काय बोलणार?" शिकतेय म्हणणार, तुमचे सगळ्यांचे आभार म्हणणार, बसणार. "लई झालं तेवढं."
सोलो झालेली नाही. होईल असं लिहायचा मला अजून अधिकार नाही. भीती आहे तेवढीच आहे, कमी झालेली नाही.
राजीनामा सोमवारी देणार, १ डिसेंबरला, कचेरी उघडल्याबरोबर.