मॅगझिन काढलं की मुकं

३ जानेवारी १९७४
गुरुवार म्हणजे गणपत. दहाच्या मंद्रूप एस.टी.नं आला. काखेत टॉवेलाची वळकटी, आत पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल. लायसन झालं म्हणे एकदाचं. रिटायर सुभेदार, पण तोंड बघावं तर नवी बैलजोडी आणल्यासारखं.
दुकानात मेजरसाहेबांचं नऊ एम.एम.चं पिस्तूल स्प्रिंगसाठी आलेलंच होतं. दोन्ही टेबलावर शेजारी मांडली. पलटणीत आमचा सगळा जन्म नऊवर गेला, मी आर्मरर, हत्यारं दुरुस्त करणारा, गणपत रंगरुटांना शिकवणारा. पंचेचाळीसला दोन कुलपं: अंगठ्याचा खटका, शिवाय मुठीच्या पाठीला पट्टी. तळव्यानं पट्टी पुरी दाबल्याशिवाय चाप हलत नाही. नऊला पट्टी नाही. खटका बारका, कडक.
म्हटलं, नऊचं खरं कुलूप मॅगझिनमध्ये, मुठीतल्या गोळ्यांच्या डबीत. मॅगझिन काढलं की चाप मेला.
"मॅगझिन काढलं की मुकं! तुझीच म्हन की रं. सारी पलटन पाठ म्हनायची. पन तुज्या नऊचा चाप म्हंजे चिखलातनं पाय उपसल्यागत. ह्यो वडून बघ."
सवयीनं मॅगझिन काढलं, चेंबर, नळीच्या तोंडचं गोळीचं घर, बघितलं, रिकामं. ओढला. टक. वाळली काडी मोडावी तसा. गोड चाप, खोटं कशाला बोलू. त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता.
दोन चहा झाले. बरा गेला दिवस.

१० जाने.
आज वाजलं आमचं.
गेल्या साली लकवा मारल्यापासून गणपतचा उजवा हात आवळत नाही. पट्टी अर्धीच दबते. म्हणाला, "ती पट्टी आत दाबून कायमची बांधून दे. कटकट मिटंल."
नाही म्हटलं. एक कुलूप तोडून देणार नाही.
"हात चालत न्हाय म्हनून तर सांगतोय की."
"हात चालत नाही तर पिस्तूल कशाला मिरवतोस? काठी घे."
दुकानात करमाळ्याची दोन गिऱ्हाइकं बसलेली. एक फिसकन हसला. गणपतनं टॉवेल गुंडाळला, डाव्याच हातानं. चहा तसाच ठेवून गेला.
पट्टीचं बरोबर बोललो. काठीचं काढायला नको होतं.

१५ जाने.
काल संक्रांत. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला तो इकडेच मुक्कामाला असतो, आम्ही दोघं पाळणे बघत हिंडतो, म्हातारे असून. यंदा नाही आला. तिळगूळ आणून ठेवला होता. शेजारच्या विणकराच्या घरात दिला. ते तेलुगूत हसतात-बोलतात, मला कळत नाही. बरं वाटलं तरी.
बायको, मालती, जाऊन सहा वर्षं. आता 'काय काम आहे' आणि 'परवा या', एवढंच बोलतो दिवसभर.

१७ जाने.
गुरुवार. दहाची एस.टी. आली असेल. दुपारपर्यंत दाराकडं तोंड करून कानस मारत बसलो. मान अवघडली.

२० जाने.
मेजरसाहेबांचं नऊ पुरं झालं. शेवटची तपासणी. मॅगझिन काढलं, चाप ओढला. काही नाही. मुकं.
पुन्हा ओढला. मुकंच.
मग त्या दिवशी पंचेचाळीसचा चाप टक कसा वाजला? मॅगझिन माझ्याच हातानं काढलेलं! मुकं असतं तर वाजलंच नसतं. पंचेचाळीसला ते कुलूपच नाही. मॅगझिन बाहेर, पण चेंबरात एक गोळी राहिली, की ती सुटणार.
हे मला माहीत नव्हतं? होतं की. शंभरदा उघडलंय असलं पिस्तूल. पण गणपतसमोर ती म्हण ऐकून फुगलो आणि कानानं ऐकलेलं डोक्यात गेलं नाही. गाढव.
गणपत मॅगझिन काढून ते फडताळात ठेवणार, कुणाच्याही हातात देणार, 'मुकं हाय, बघ' म्हणणार. घरात सून आहे, वहिनी आहे. माझ्या म्हणीवर.

२१ जाने.
गणपतला आंतर्देशीय पत्र टाकलं. कार्ड नको, सारा गाव वाचतो.
"मॅगझिन काढलं तरी पंचेचाळीस मुकं होत नाही. आधी चेंबर बघ. पट्टी दुसऱ्या कुणाकडूनही बांधून घेऊ नको."
खाली सही.

२६ जाने.
उत्तर नाही. गुरुवारीही आला नाही. मंद्रूप काय विलायतेत आहे?

२९ जाने.
मंद्रूपला जाऊन आलो.
दारात गणपतच्या चपला. वहिनी म्हणाल्या, "रानात गेल्यात." चपलांकडं बघितलं, तशा त्या खाली बघायला लागल्या. मग हळूच: "भावजी, तुमचं पत्र आलंय. फोडलं न्हाय त्येनी. देव्हाऱ्याम्होरं ठिवलंय. मला कुटं वाचाय येतंय."
मी अंगणातनंच ओरडलो. "गणपत! पंचेचाळीस मॅगझिन काढलं तरी मुकं नाही! माझी म्हण चुकली! चेंबर बघ!"
शेजारची बाई शेणाचे हात घेऊन बाहेर आली. येऊ दे.
आतनं खोकला. मग लोखंड सरकल्याचा आवाज, ओळखीचा, चेंबर उघडायला स्लाइड मागं ओढल्याचा.
मग टक.
ओसरीवर बसलो. म्हणजे बघितलं चेंबर. मग दोन्ही हातांनी पट्टी दाबून ओढला असणार. बाहेर मात्र आला नाही.
वहिनींनी तिळगूळ हातावर ठेवला. "रथसप्तमी व्हायचीय अजून. घ्या. ग्वाड बोला."
एस.टी.त रडू आलं. खिडकीकडं तोंड केलं.

३१ जाने.
गुरुवार. नाही आला.

५ फेब्रु.
पंचेचाळीसचा खटका डावीकडंच असतो, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. डाव्या हातानं धरणाऱ्याला अंगठाच पोचत नाही. गणपतचा डावा हात चांगला आहे. तेव्हा उजव्या बाजूसाठीही एक खटका केला. चार दिवस घासतोय. पट्टी डाव्या तळव्यानं पुरी दबेल, बांधायला नको. एकही कुलूप तोडायला नको.
हे दहा तारखेलाच सुचायला काय झालं होतं?

६ फेब्रु.
पत्र पुन्हा आठवलं. मॅगझिन लिहिलं, चेंबर लिहिलं, पट्टी लिहिली. अंगणात ओरडलो तेही पिस्तुलाचंच. हाताचं बोललो ते चुकलं, एवढं एक वाक्य काही सुटलं नाही तोंडातनं. सगळं जिथल्या तिथं आणि मीच मुका.
आज लिहायला बसलो. "गणपत, त्या दिवशी मी काठीचं" इथपर्यंत आलं.
उद्या गुरुवार. दहाच्या गाडीची वाट बघायची, की सकाळच्या गाडीनं आपणच जायचं, ठरेना. खटका रुमालात बांधून ठेवलाय. बसवायचा तर पिस्तूल लागेल, आणि पिस्तूल मंद्रूपला.