मोठ्यांकडे वळून बोलणे

लाखनी, रविवार, सायंकाळ

प्लायवूडचे सरावाचे कॉकपिट, दोन खुर्च्या, उंचीचा काटा, तो फिरवणारी मोटर. सगळे माझ्या हातचे, कोणाकडेही न शिकता केलेले. वैमानिक झालेली माझी मुलगी आधी यातच बसायला शिकली.

आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, विमान वर नेताना दहा हजार फुटांवर थांबायचं होतं. शेजारचे कॅप्टन सर आपल्याकडच्या धानाचं विचारून राहिले होते. मी वळून सांगितलं, तेवढ्यात विमान तीनशे वीस फूट वर गेलं."

"काहून वळली?"

"मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलावं, हे तुम्हीच त शिकवलं!"

खरे आहे. लहानपणी ती काट्याकडे पाहतच उत्तर द्यायची, तेव्हा कॉकपिटातल्या शेजारच्या खुर्चीतून मी रागवायचो. तीनशे वीस फूट. वर दुसरे विमान असते तर? जेवण होताच कॉकपिटची मोटर सुरू केली.

परवा ती पुन्हा उडणार. तोवर मी शेजारी बसून बोलत राहायचे, तिने वळायचे नाही, असे ठरले. बसलो.

"बेटा, चहा घेते का?"

वळलीच. काटा दहा हजारांच्या पुढे निघून गेला.

मघाशी नागपूरच्या वैमानिक-क्लासवाल्याचा फोन आला, कॉकपिट विकत मागत होता. नाही म्हटले, अजून लागणार आहे. एक लाख साठ हजार देत होता.