कुठल्याच आवृत्तीत नसलेलं हसू

मी, खाली सही करणारी, वय पासष्टच्या पुढे, कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकू येणं तपासण्याची नोकरी करून निवृत्त झालेली, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कुणी मृत्युपत्र लिहीत नाही. कान उत्तम आहेत. हे मुद्दाम नोंदवते, पुढे त्याचा संबंध येणार आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. आणण्याची कुणाची टाप नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीला. तिने इथे राहावं नाहीतर विकून मोकळं व्हावं. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूला फिरवला की बंद होतो, एवढं घेणाऱ्याला आधी सांगावं, नाहीतर मेल्यावर मला शिव्या बसतील.

कलम २. निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याने दिलेला, कान तपासायचा नादकाटा जावयाला. त्याला हाक तिसऱ्यांदा ऐकू येते. मी त्याची रीतसर तपासणी केलेली आहे, कान ठणठणीत आहेत. लेकीने काय ते समजावं.

कलम ३. माझ्या लग्नात नणंदेने दिलेला कपबशांचा संच नणंदेला परत. एकही कप वापरलेला नाही. का, ते तिला चांगलं ठाऊक आहे.

कलम ४. आता मूळ मुद्दा. बाहेरच्या खोलीतलं कपाट वरपासून खालपर्यंत भरलंय ते माझ्या आवडत्या बँडच्या परदेशी आवृत्त्यांच्या बॉक्स सेटनी. ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे माझ्या लेकीला, त्यांच्यासाठी सांगते. बँड एकच, अल्बम तेच. पण त्या काळी प्रत्येक देशातली कंपनी आपापल्या मनाने कारभार करायची. जर्मन आवृत्तीवर पाचही जणांचा फोटो काढून नुसती रिकामी खुर्ची छापली. ब्राझीलमध्ये दोन गाणी गाळली. जपानमध्ये दुसरी बाजू पहिली केली. का? कुठल्या तरी कचेरीत चहा पिता पिता कुणीतरी हे ठरवलं असणार, आणि त्या देशातली पोरं जन्मभर गाणी त्याच क्रमाने गुणगुणत मोठी झाली. त्या माणसाला एकदा भेटून विचारावं असं मला फार वाटायचं. अलीकडे तीच जुनी मुखपृष्ठं हुबेहूब छापून देशवार खोकी निघतात, आणि माझ्यासारखी माणसं ती घेतात. लेक म्हणायची, "आई, तेच गाणं अजून किती देशांतून ऐकणार?"

कारण होतं. आमचा मामा बोटीवर वायरमन होता. एकदा तो या बँडची एक रेकॉर्ड घेऊन आला. तिचं मूळ वेष्टन कुठेतरी भिजून गेलेलं, त्यामुळे ती कुठल्या देशाची हे त्यालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्याची बोट, आणि रेकॉर्ड त्याच्या मित्राची. म्हणून आम्ही ती रात्रीच्या आत कॅसेटवर उतरवून घेतली. तेव्हा घरोघरी करायचे तशीच: स्पीकरसमोर उशी, उशीवर टेपरेकॉर्डरचा माइक, दार बंद, आणि गाणी संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

रेकॉर्ड गेली, कॅसेट राहिली. मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्यावरच वाढलो. तिच्यातल्या एका संथ गाण्यात गायक मध्येच थांबतो. मग धप्प असा बारीक आवाज होतो आणि एक बाई हसते, घाईघाईने दाबलेलं हसू. मग गाणं पुढे चालू. खरं सांगायचं तर मला गाण्यापेक्षा ते हसू जास्त आवडायचं. कोण असेल ही? गायकाची बायको? तिथली झाडलोट करणारी? आणि तिला इतकं हसू कशाचं आलं?

पुढे भावाने त्याच अल्बमची सीडी आणली. हसू नाही. मी म्हटलं, मामाची रेकॉर्ड ज्या देशाची, त्या आवृत्तीत असणार. तो म्हणाला, कॅसेटमधलाच काही आवाज असेल. मी विचारलं, कॅसेट हसते का? आई गेल्यावर वाटणीत टेपरेकॉर्डर आणि कॅसेट त्याच्याकडे गेली, टेपरेकॉर्डर तर कधीचाच बंद पडलेला. मी कॅसेट मागितली तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर तो मला म्हणाला, "ताई, एकदा कान तपासून घे." मला! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद, आणि माझी खोकी सुरू.

या वर्षी शेवटचं खोकं आलं. त्यातही हसू नाही. मी तडक रेकॉर्डवाल्याकडे गेले; सगळी खोकी मी त्याच्याच दुकानातून घेतलेली. त्याने चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की या नव्या संचांत मुखपृष्ठं आणि क्रम त्या त्या देशाचा असतो, पण आतला आवाज सगळीकडे एकाच मूळ टेपवरून घेतलेला असतो. म्हणजे इतकी वर्षं मी मुखपृष्ठं ऐकत होते. आणि जपानी आवृत्ती जरा मऊ वाजते असं मी त्याला चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं. दवाखान्यात, आवाज आला की बटण दाबा म्हटलं तर आवाज नसतानाही दाबणारी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांना मी मनातल्या मनात हसायचे.

मग त्याने सहज विचारलं, "मावशी, ती कॅसेट केली कशी होती?" मी सांगायला लागले. माइक, उशी, दार. मामा ओठांवर बोट ठेवून. मी पाठ करून बटणापाशी. मला त्या बटणापलीकडे काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. भाऊ स्टुलावर श्वास रोखून बसलेला, इतका की गाल फुगलेले. आणि मागे आई.

तिथे मी थांबले. रेकॉर्डवाल्याने न विचारताच खुर्ची पुढे केली.

आमची आई हसणारी नव्हती. हसावं असं त्या घरात तिला फारसं काही मिळालं नाही. म्हणून तर तिचं हसू मला ओळखता आलं नाही, आणि मी ते जर्मनीत, जपानात शोधत बसले. तिचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही.

तेव्हा असं नोंदवते: रेकॉर्डवर हसू नाही, हे भावाचं बरोबर. कॅसेटवर हसू आहे, हे माझं बरोबर. सगळी खोकी, कपाटासकट, भावाला द्यावीत. अट एकच. त्याने ती कॅसेट मला ऐकवावी, आणि मी जिवंत असताना ऐकवावी. मेल्यावर ऐकवून मला काय उपयोग? मला ती फार, फार ऐकायची आहे.

कलम ५. वरचा मसुदा लेकीच्या हाती भावाकडे पाठवला होता. त्याचा निरोप आला तो जसाच्या तसा देते: "ताईला सांग, खोकी नकोत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. मला काही ठेवू नकोस, मी साक्षीला येतो."

सबब, भावाच्या नावे केलेली तजवीज रद्द. सगळी खोकी गावच्या वाचनालयाला. असंच काहीतरी शोधत कुणी आलं, तर त्याला हसू नये आणि सगळी खोकी एकदम घरी न्यायला द्यावीत.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: महिन्याचा पहिला रविवार, दुपार.

साक्षीदार पहिला: रेकॉर्डवाला. चालू टेपरेकॉर्डर याने आणला.
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, त्या रात्री स्टुलावरून पडलेला. कॅसेट याने आणली.

सही करणारीची सही.

तळटीप: वरची माझी सही शेवटच्या अक्षरात वाकडी गेली आहे. त्यावरून उद्या कुणी शंका काढू नये. सही माझीच आहे. ती करत असताना आई हसली, आणि दोन्ही साक्षीदारांनी ते आपल्या कानांनी ऐकलं.