असोद्याहून आणलेली बकरी

ती. नाना,

वाकवेल तेवढं वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, कारण पुढे येईल). दोंडाईच्याला बठ्ठं बरं शे ना? वहिनींचा गुडघा कसा आहे? फोनवर हे बोलता येत नाही, दिपमाला ऐकते, म्हणून पत्र.

परवा तिच्या माहेरी, असोद्याला गेलो होतो. तिथे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा शेहजाद गेल्या महिन्यात पत्र्यावरून पडला. मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय. त्याच्या मदतीला गावाने शाळेच्या मैदानावर लिलाव ठेवला. ज्याने त्याने घरातलं काहीतरी द्यायचं, बाकीच्यांनी चढ्या बोलीने घ्यायचं. कोणी केळीचे घड दिले, कोणी गोधड्या, आणि शेहजादच्या शेजारच्या झुंबरबाईंनी आपली बकरी. त्यालाही खाटेसकट मांडवात आणलं होतं.

दिपमाला बायकांत बसली, मी उन्हात (जावयाला खुर्ची मिळते, सावलीचं काही सांगता येत नाही). बकरी तोतारामने घेतली. थोड्या वेळाने तीच बकरी पुन्हा पुकारली, ती चुडामणने घेतली. मग पुन्हा तीच. मला वाटलं, बकरीत खोट असणार, घेतो तो परत करतो. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "पिंप्राळ्याचे जावई काय घेतात!" झालं. मी वर केलेला हात खाली आणलाच नाही. बकरी माझी झाली, टाळ्या पडल्या. मी दोरी धरून रिक्षाकडे निघालो आणि टाळ्या थांबल्या. मला वाटलं, कौतुकाने गप्प झाले.

"जावईबापू, चालले कुठे?" तोतारामने विचारलं.

"घरी!"

तेव्हा खाटेवरून शेहजाद म्हणाला, "जाऊ द्या रे! हातात आलेलं परत दिलं, तर तो जावई कसला?"

अख्खं मैदान हसलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शेहजाद हसता हसता कण्हत होता. मीही हसलो, कशाला ते न कळता.

पिंप्राळ्याला घरी आल्यावर दिपमालाने सांगितलं. घेणाऱ्याने बकरी पुन्हा लिलावाला द्यायची, म्हणजे ती दिवसभर विकली जाते आणि शेहजादची मदत वाढत राहते. माझ्यापाशी ती थांबली. ऑपरेशनपुरतं जमलं म्हणतात, पुढच्या औषधांचं कठीण आहे. तेव्हापासून मला झोप नाही. बकरीलाही नाही. तिला तिसऱ्या मजल्यावर चढवतानाच कंबर गेली. फार थकलो, नाना.

तुमचा धाकटा,
प्रेमराज

ता. क. : रविवारी इकडे याच. बकरी परत द्यायची आहे, आणि त्या मैदानात एकट्याने जायची माझी छाती नाही. तुमच्यासमोर लोक जरा कमी हसतील.

ता. क. दुसरा : आत्ताच सासूबाईंचा फोन आला. रविवारी पुन्हा लिलाव आहे, फक्त बकरीचा. झुंबरबाईंचा निरोप आहे की बकरी तेवढी पाठवा, जावई नको. तेव्हा नाना, दोरी तुम्हीच धरा.