पूल सोडून उजवीकडे

२ फेब्रुवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या छकुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायची मोटार रॅली येत्या रविवारी नक्की झाली. बेकरीवाले, डॉक्टरीणबाई, आबांचे टॅक्सीस्टँडवरचे सोबती, सगळे बायकापोरांसह गाड्या काढताहेत. वर्गणी भरली की गाडीला मार्गाचा कागद मिळतो; त्यातल्या खुणा शोधत जो बिनचूक पोचेल तो पहिला. कागद मीच लिहिला. आबा म्हणाले, घरात एवढी एक ग्रॅज्युएट, तिचं शिक्षण कधी कामाला येणार?

तिकडे दवाखान्यात दादा जेवतो का? त्याला सांग, लोक वाईट नसतात, त्यांना कुणी नीट विचारत नाही इतकंच.

छकुलीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

५ फेब्रुवारी

चि. ग्रॅज्युएटबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझा दादा जेवतो, पण मी समोर ठाण मांडून बसले तरच. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कानातलं यंत्र पाच वर्षांच्या आत बसलं तर पोर बोलायला शिकेल, पुढे भरवसा नाही. ही तारीख हुकली तर पुढची मिळेपर्यंत तिचा वाढदिवस उलटून गेलेला असेल. आणि पैसे आधी भरायचेत.

काल वॉर्डातल्या मावशींच्या हातून स्टीलचं भांडं पडलं. सगळी दचकली, छकुली चित्रात रंग भरत राहिली. मी न्हाणीघरात नळ चालू करून रडले. लोकांवर इतका विश्वास टाकू नकोस हो, सासरी जड जाईल.

सगळा जीव तुझ्या रविवारात अडकलाय. माया कर तशीच.

तुझी वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस नमस्कार.

कागदावर मी लिहिलं होतं, ‘पूल सोडून उजवीकडे वळावे.’ माझ्या मनात होतं, पूल ओलांडल्यावर. निम्म्यांनी तसंच केलं. बाकीच्यांनी पूल खरंच सोडून दिला, अलीकडेच उजवीकडे वळले आणि नदीकाठच्या चिखलात रुतले. बेकरीवाल्यांच्या गाडीचं खालचं सगळं फुटलं. पोरं रडकुंडीला आली. मग शेवटी पोचायच्या मैदानात जुंपली, बरोबर कोण आणि चुकलं कोण. चुकलं त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. मी खुर्चीवर चढून सांगितलं की चूक माझी आहे, ज्यांना हवी त्यांनी वर्गणी परत न्यावी. मला वाटलं, कुणी पुढे येणार नाही.

रांग लागली, वहिनी. डॉक्टरीणबाईसुद्धा मान खाली घालून उभ्या होत्या. उरलंसुरलं बेकरीवाल्यांच्या गाडीला गेलं. आबा म्हणाले, हरिश्चंद्र व्हायचं तर स्वतःच्या जिवावर व्हावं, भावाच्या नाही. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

तिथे थोडं थांबायला सांग ना. हातापाया पड. मी दारोदार फिरतेय. दोन दारं आतून लावून घेतली गेली, पण अजून गल्ल्या आहेत.

लोभ कोणत्या तोंडानं मागू?

धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

थांबले नाहीत. आपली तारीख दुसऱ्या एका मुलाला दिली. त्याची आई माझे हात धरून आभार मानायला आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आम्ही मोठ्या मनानं मागे सरलो. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. मुलाचं नाव विचारलं.

तुझा दादा म्हणतो, तिनं खरं बोलायचं होतं, पण पैसे वाटत सुटायची काय गरज होती? मलाही तेच वाटतं. तुझा राग आलाय, आणि तो लवकर जायचा नाही. खोटं कशाला लिहू?

येत्या शनिवारच्या गाडीनं परत येतोय. स्टेशनवर तू ये, आबांनाही आण. पण दोघांनी भांडलेल्या तोंडानं उभं राहायचं नाही, आणि रडायचं तर नाहीच. छकुलीला ऐकू येत नसलं तरी दिसतं सगळं.

लोभ आहे. वाढायला जरा वेळ दे.

वहिनी