मोरूशेठचा दगड आणि मी बांधलेला हातब्रेक

खोपोली,
रविवार, ९ फेब्रुवारी १९७५

ती. बुधाजीमामांस,
विशाखाचा सविनय जयभीम.

हातब्रेक ओढलेला असताना गाडी उतारावरून आपणहून निघाली, तर ती कुणी चालवली असे धरायचे? ज्याने हातब्रेक ओढला त्याने, ज्याने तो बांधला त्याने, की पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसलेल्या बी.एस्सी. मुलीने? मला उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. तुमची तब्येत कशी आहे? मामींच्या गुडघ्याचे तेल पोचले का? इकडे आई ठीक, बाबा ठीक, आणि माझ्या केसांतून अजून भाताचे तूस निघते आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

तुम्ही साहेबांकडे सहा महिने खेटे घालून रसायनीच्या कारखान्यात मला ऑफिसातली जागा मिळवून दिलीत, आणि मी सोमवारी तीन तारखेला हजर झाले नाही. त्याचा जाब विचारणारे तुमचे कार्ड बाबांच्या गॅरेजवर आले हे फार बरे झाले. (घरी आले असते तर आईने ते वाचून घ्यायला मालनबाईंकडे नेले असते, आणि मालनबाईंना कळले की वस्तीला कळते.) आपल्या घरात अजून कुणी खुर्चीवर बसून पगार घेतलेला नाही, हे मी विसरलेले नाही. आईने तर त्या खुर्चीवर पंखाही फिरतो असे सगळ्यांना सांगून ठेवले आहे. पण मधे मोरूशेठ आले.

मोरूशेठ म्हणजे खालापूरचे, भाताच्या गिरणीचे. त्यांच्याकडे एक लाल विलायती गाडी आहे, दोन माणसांची, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की रस्त्यातल्या म्हशीकडे मान वर करून बघावे लागते. शर्यतीची म्हणून तिची ख्याती. आता तिचे इंजिन टॅक्सीचे, मागच्या कमानी (म्हणजे स्प्रिंगा) जीपच्या आणि भोंगा लॉरीचा आहे. रंग तेवढा मूळचा. त्या कमानी इतक्या कडक की गौराबाईंच्या (म्हणजे मोरूशेठांच्या मंडळींच्या) म्हणण्याप्रमाणे घाट चढेपर्यंत दाढा जागा बदलतात. हातब्रेकचा दांडा नुसता शोभेला. आणि मोरूशेठांची सासुरवाडी खंडाळ्यात, भर चढावर. म्हणून दर खेपेला जावईबापू पाय ब्रेकवर दाबून बसायचे, गौराबाई शालू सावरत आधी उतरायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड मागच्या चाकाला लावायच्या, आणि मगच जावयाचे आगमन व्हायचे. गेल्या दिवाळीत मेहुण्यांनी त्या दगडाला शेंदूर फासून ठेवला. तेव्हा सहा तारखेच्या मेहुणीच्या साखरपुड्याआधी मऊ कमानी आणि धरणारा हातब्रेक पाहिजे, म्हणून ते बाबांकडे आले.

बाबांनी बावीस वर्षे घाटातल्या ट्रकांची कामे केली, पण हातब्रेकवर त्यांचा विश्वास नाही. "हातब्रेक म्हंजे काय गं, शिकलेला दगड," ते म्हणाले. "भरवसा आपल्या अडाणी दगडाचाच." मला हे लागले. गाडीबरोबर दुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक होते, ते मोरूशेठांनी पंधरा वर्षे गिरणीतल्या देव्हाऱ्यात ठेवले होते. मी ते मागून आणले. कामावर रुजू व्हायला आठवडा होता. बाबांचे हात आणि माझे शिक्षण एकत्र आले तर काय होईल, याची मला मोठी स्वप्ने पडू लागली. बाबांनी जीपच्या कमानी काढून हलक्या गाडीच्या बसवल्या, नवे शॉकअप लावले. मग आली हातब्रेकची केबल. पुस्तक म्हणत होते, मागची चाके उचलून केबल आवळावी. बाबा म्हणाले, "गाडी आदी पायावर उभी कर, मंग आवळ. टांगलेल्या मानसाला कुनी धोतर नेसवतं का?" मी पान उघडून त्यांच्यापुढे धरले. बाबांना इंग्रजी येत नाही, पण छापील अक्षराला ते फार मानतात. (माझ्या पदवीच्या कागदाला हात लावण्याआधी ते अजून साबणाने हात धुतात.) ते बाजूला सरकले. केबल मी आवळली.

रविवारी गिरणीच्या उतारावर परीक्षा झाली. रिकामी गाडी हातब्रेकवर उभी केली. बाबांनी ढकलली, मी ढकलली, दोन हमालांनी ढकलली. केसभर हलली नाही. गौराबाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, मोरूशेठ आत बसले, पुस्तक घेऊन मी शेजारी बसले. नव्या मऊ कमानींवर गाडी वीतभर खाली बसली आणि निघाली. लिंबू चिरडले, तेवढेच त्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाले. वाळत घातलेल्या भातातून आम्ही सरळ तुसाच्या ढिगात गेलो. मोरूशेठ छातीपर्यंत तुसात, दोन्ही हात दांड्यावर, आणि अगदी बारीक आवाजात मला म्हणाले, "वडलेला हाय गं. बघ, वडलेलाच हाय."

आणि तो खरेच ओढलेला होता. मी केबल आवळली तेव्हा चाके लोंबत होती. माणसाच्या वजनाने गाडी खाली बसली, चाके वर आली, केबल सैल पडली. (रिकाम्या गाडीला धरणारा आणि माणूस बसला की सोडणारा हातब्रेक जगात मीच पहिल्यांदा बांधला असावा.) पुस्तक खरेच होते, पण ज्या गाडीचे होते ती गाडी आता उरली नव्हती. मोरूशेठांनी तूस थुंकून विचारले, केबल कुणी बांधली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "म्या."

संध्याकाळपर्यंत नाक्यावर बातमी गेली. पोपट ड्रायव्हर ट्रक थांबवून मुद्दाम विचारून गेला, की मिस्त्री, घाट उतरताना पुढं तुसाचा ढीग घालायला तुमीच येनार का? बाबा हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत. बावीस वर्षांचे नाव मी एका पानावर घालवले होते.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन रसायनीला निघाले. बस आली, तिला जाऊ दिले आणि गॅरेजवर गेले. बाबांनी विचारले, "गाडी चुकली?" मी म्हटले, केबल चुकली. गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर चारी चाकांवर उभी केली, मोरूशेठ बसायला तयार नव्हते म्हणून त्यांच्या वजनाची तांदळाची दोन पोती सीटवर ठेवली, आणि मी खड्ड्यात उतरू लागले. माझी पाठ तिथे टेकू नये म्हणून बाबांनी बावीस वर्षे स्वतःची टेकली, हे मला माहीत आहे. त्यांनी हातातला पाना लगेच दिला नाही. मग म्हणाले, "पदवी भाईर ठिव. खाली जागा नाय."

पोती ठेवून पाहिली, काढून पाहिली. हातब्रेक दोन्ही वेळा धरतो. मोरूशेठांना मी सांगितले की आधीची चूक माझी होती. मग आता कुणी बांधली, असे त्यांनी विचारले. आताही मीच, म्हटल्यावर त्यांनी दगड परत गाडीत ठेवला. पण गुरुवारी खंडाळ्याच्या चढावर गाडी तीन तास दगडाशिवाय उभी राहिली. मेहुणे चाकापाशी घुटमळून हिरमुसले. शुक्रवारी मोरूशेठ येऊन दगड आम्हाला भेट देऊन गेले आणि नाक्यावर पोपटला थांबवून त्याचे कारणही सांगते झाले.

नोकरीचे काय ते भेटीत बोलू. मामींना जयभीम, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
विशाखा

ता. क. येत्या रविवारी नक्की या, पण आधी गॅरेजवर. मी रसायनीला जाते असे आईला अजून वाटते. मी खोटे बोललेले नाही, "कामावर निघालीस का?" असे ती विचारते आणि मी हो म्हणते. तरी पंचशीलातले चौथे शील रात्री टोचते. शिवाय काल दोन्ही डबे घासताना तिने विचारले, "रसायनीच्या हापिसात पन ग्रीस लागतं का गं?" तिला तुम्ही सांगा. तुमच्यावर ती फार वेळ रागावत नाही.

ता. क. २. भेटीत बोलू असे वर लिहिले, ते बरोबर नाही. नेमणुकीचे पत्र मी बुधवारीच साहेबांना आभार मानून रजिस्टरने परत केले. काल गॅरेजवर नवी पाटी लावली: 'कोंडीराम मिस्त्री आणि मुलगी'. बी.एस्सी. लिहिले नाही, ते बाबांनी खडूने मागून लिहिले. ऐन वेळी हातोडी सापडेना, म्हणून खिळे मोरूशेठांच्या दगडाने ठोकले.